एकास शंभर : अणुपाणबुडीची अचूक प्रतिकृती

पुणे-नगर रस्त्यावरचं सुपा पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. इथल्या शिवारात विहिरीतलं किंवा शेततळ्यातलं पाणी पिकापर्यंत नेणारा पीव्हीसी पाइप जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. दुकानात तो ६३, ७५, ९०, ११० अशा मापांनी मागतात. हे आकडे पाइपच्या बाहेरच्या व्यासाचे, मिलिमीटरमधले.

यातला ११०चा पाइप हातात घ्या आणि एक सोपं गणित करा. भारतात बांधलेल्या पहिल्या अणुपाणबुडीची, आयएनएस अरिहंतची, प्रसिद्ध झालेली लांबी सुमारे १११ मीटर आणि रुंदी सुमारे ११ मीटर आहे. दोन्ही मापांना शंभराने भागलं की १११ सेंटिमीटर आणि ११० मिलिमीटर मिळतात. म्हणजे शेतातल्या पाइपलाइनचा एक मीटरभर तुकडा हे अरिहंतच्या मधल्या धडाचं एकास शंभर प्रमाणातलं तयार रूप आहे.

या प्रकरणात ती प्रतिकृती पूर्ण कशी करायची ते पाहू. करवत, पुट्टी आणि रंग हा त्यातला सोपा भाग आहे. ज्या वस्तूचे आराखडे कोणालाही पाहता येत नाहीत, तिची प्रतिकृती ‘अचूक’ आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणायचं, हा अवघड भाग. माझं उत्तर असं आहे : प्रत्येक मापाला त्याचा पुरावा जोडलेला असेल आणि जिथे पुरावा नाही तिथे तसं लिहिलेलं असेल, तरच प्रतिकृती अचूक. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज व्हर्नियर हाताळणाऱ्या टर्नर-फिटरला आणि शाळेत भूमिती शिकणाऱ्या मुलीला हे काम सारखंच जमण्याजोगं आहे.

प्रमाण म्हणजे काय

मराठी मुलांची प्रतिकृतीशी पहिली ओळख दिवाळीतल्या किल्ल्यावर होते. त्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो आणि सिंहासनावरचे महाराज तटबंदीपेक्षा उंच. किल्ल्याचा आनंद त्याने कमी होत नाही, पण प्रमाणबद्ध प्रतिकृतीत ही मुभा नसते. एकास शंभर ठरलं की सगळंच एकास शंभर. १ मीटर ७० सेंटिमीटर उंचीचा नौसैनिक १७ मिलिमीटरचा होतो, तीन सेंटिमीटर जाडीचा कठड्याचा दांडा ०.३ मिलिमीटरचा होतो आणि दोन पत्र्यांमधली एक सेंटिमीटरची फट ०.१ मिलिमीटरवर, जवळजवळ केसाच्या जाडीवर येते.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून सुरू आहे. तिथल्या गाड्या एकास ८७ या, जगभर रूढ असलेल्या प्रमाणातल्या आहेत. गाडी, फलाट, सिग्नल आणि माणूस यांचं एकमेकांशी नातं तुटत नाही, म्हणूनच तिथे उभं राहिल्यावर शहर खरं वाटतं. जहाजं आणि पाणबुड्यांच्या तयार संचांमध्ये १:७००, १:३५०, १:१४४ आणि १:७२ ही प्रमाणं जास्त चालतात. अरिहंत १:३५०मध्ये सुमारे ३२ सेंटिमीटरची होईल आणि कपाटात बसेल. १:७२मध्ये ती दीड मीटरच्या पुढे जाईल. १:१००चा फायदा असा की तपशील दिसण्याइतकी ती मोठी राहते, पाइप आयता मिळतो आणि मापं मनातल्या मनात तपासता येतात. खऱ्या पाणबुडीवरचा एक मीटर म्हणजे प्रतिकृतीवरचा एक सेंटिमीटर.

आधी कलवरी

थेट अणुपाणबुडीला हात घालण्याआधी एक सरावाची प्रतिकृती करावी. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली आयएनएस कलवरी डिसेंबर २०१७मध्ये नौदलात आली, सहावी आयएनएस वाग्शीर जानेवारी २०२५मध्ये. या पाणबुड्या डिझेल-विजेवर चालतात. त्यांची लांबी ६७.५ मीटर आणि कवचाचा व्यास ६.२ मीटर असल्याचं उघडपणे सांगितलं जातं, आणि जलावतरणाच्या वेळची भरपूर छायाचित्रंही उपलब्ध आहेत. एकास शंभरला व्यास ६२ मिलिमीटर येतो, दुकानातला पाइप ६३चा. फरक एका मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या पाणबुडीवर दहा सेंटिमीटरचा. लेथवर पाइप हलका कातून तोही घालवता येतो.

कलवरी आणि अरिहंत शेजारी ठेवल्या की अणुशक्तीने काय फरक पडतो तो डोळ्यांना कळतो. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी हवा लागते, म्हणून तिला वरचेवर पृष्ठभागाजवळ यावं लागतं. अणुभट्टीला हवा लागत नाही. समुद्राच्या पाण्यातूनच प्राणवायू आणि गोडं पाणी तयार करता येतं, त्यामुळे मुक्काम किती दिवसांचा हे मुख्यतः अन्नाचा साठा आणि माणसांची सहनशक्ती यांवर ठरतं. पण अणुभट्टी, किरणोत्सार रोखणारी जाड आवरणं, वाफ तयार करणारी यंत्रणा, टर्बाइन आणि गिअरबॉक्स हे सगळं एका कवचात मावायचं तर कवच रुंद अंगाचं करावं लागतं. ६३ आणि ११० या दोन पाइपांमधल्या फरकामागे हे एक कारण आहे.

मापवही

कामाचं पहिलं हत्यार म्हणजे एक वही. प्रत्येक पानावर एकच माप : लांबी, व्यास, पाठीवरच्या मनोऱ्याची उंची, मनोरा तोंडापासून किती अंतरावर आहे, सुकाणूच्या पंखाची रुंदी. त्यापुढे ते कुठून मिळालं याची नोंद. नोंदींचे तीन वर्ग करावेत. पहिला ‘पक्कं’ : प्रत्यक्ष मोजलेलं किंवा अधिकृतपणे जाहीर झालेलं. दुसरा ‘काढलेलं’ : छायाचित्रावरून, उपग्रहचित्रावरून हिशेबाने किंवा बातम्यांतून मिळवलेलं. तिसरा ‘अंदाज’. तीन वर्गांना पेन्सिलीचे तीन रंग दिले तर वही उघडताच प्रतिकृतीचा किती भाग कशावर उभा आहे ते समजतं.

अरिहंतच्या वहीत ‘पक्कं’ फार थोडं असणार. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला तिचं जलावतरण गुरशरण कौर यांच्या हस्ते, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झालं. पण पाणबुडीची छायाचित्रं त्या दिवशी पत्रकारांना घेऊ दिली नाहीत. १० ऑगस्ट २०१३ रोजी तिची अणुभट्टी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया स्वबळावर चालू लागली. २०१६मध्ये ती गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली. तिची भावंडं असलेल्या पाणबुड्यांपैकी आयएनएस अरिघात २९ ऑगस्ट २०२४ रोजी दाखल झाली. इतक्या वर्षांत बाहेर आलेली चित्रं मोजकीच, आणि त्यातही पाण्याबाहेरचा भागच दिसतो. लांबी-रुंदीचे जे आकडे आपण सुरुवातीला घेतले तेही माध्यमांतून आलेले आहेत. म्हणून ते मी ‘काढलेलं’ या वर्गात टाकेन.

छायाचित्रावरून माप काढण्याची रीत साधी आहे. चित्रात ज्याचं माप आपल्याला माहीत आहे अशी एक वस्तू शोधायची : पाठीवर उभा असलेला नौसैनिक, झेंड्याची काठी, कवचावर रंगवलेल्या डुबीच्या खुणा. तिच्याशी गुणोत्तर लावून बाकीची मापं काढायची. कॅमेरा तिरका असेल तर दूरचा भाग आखूड दिसतो, त्यामुळे शक्य तितकं आडवं, पूर्ण बाजूने घेतलेलं चित्र निवडावं आणि एकच माप दोन-तीन चित्रांतून काढून पाहावं. दोन उत्तरांत जो फरक येतो तोही वहीत लिहावा. पाच मीटर उंचीच्या मनोऱ्यावर अर्ध्या मीटरची अनिश्चितता असेल, तर प्रतिकृतीवर ती पाच मिलिमीटरची आहे.

औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराला इथे थबकायला हवं. व्हीएमसी मशीन ०.०१ मिलिमीटरपर्यंत काम देतं. एकास शंभरला ते खऱ्या पाणबुडीवरच्या एका मिलिमीटरइतकं झालं. पण मापच अर्ध्या मीटरने डळमळत असेल, तर मशीनची सगळी बारकाई चुकीच्या जागी रेष कोरण्यात खर्च होते. जॉब ड्रॉइंगप्रमाणे निघाला की कारखान्यात तो पास होतो. इथे आधी ड्रॉइंगच पास व्हावं लागतं.

जे प्रत्यक्ष मोजता येतं ते मोजून यावं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा ही जुनी रशियन बनावटीची डिझेल पाणबुडी २००२पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. दारं किती अरुंद असतात, माणूस उतरतो ते झाकण किती रुंद, शिडीच्या दोन पायऱ्यांत अंतर किती, हे तिथे कळतं. माणसाच्या शरीराने ठरणारी मापं पाणबुडी बदलली तरी फारशी बदलत नाहीत. अणुपाणबुडीच आतून पाहायची तर परदेशात जावं लागतं. जगातली पहिली अणुपाणबुडी अमेरिकेची नॉटिलस कनेक्टिकटमधल्या ग्रोटनला आहे, फ्रान्सची ल रेदुताब्ल शेरबूरला. फ्रेंच पाणबुडीतला अणुभट्टीचा भाग कापून काढला आणि तिथे रिकामा भाग जोडून कवच पुन्हा सांधलं, मगच ती लोकांसाठी खुली झाली.

एक मर्यादा मात्र पाळायचीच. नौदलाच्या गोदीजवळ जाऊन चित्रं काढणं हा आपल्या छंदाचा भाग नाही, आणि कायदाही त्याला परवानगी देत नाही. जे उघडपणे प्रसिद्ध झालं आहे तेवढ्यावरच वही भरावी.

पाइप, तोंड आणि शेपूट

पाइप विकत घेताना नवा, सावलीत ठेवलेला घ्यावा. उन्हात रचून ठेवलेला पाइप लंबगोल झालेला असतो. व्हर्नियर चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी लावून पाहावा. कापण्यासाठी पाइपभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून कडा जुळवल्या की काटकोनातली रेष मिळते. दुकानदार ‘चार किलोचा देऊ की सहा किलोचा?’ असं विचारेल. हा आकडा म्हणजे पाइप सोसू शकतो तो पाण्याचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला. बाहेरचा व्यास दोन्हींचा सारखाच, सहा किलोच्या पाइपची भिंत जाड. प्रतिकृतीला जाड भिंत बरी, कारण तिच्यावर घासकाम करता येतं.

याच पाइपमधून पाणबुडीच्या रचनेतली मुख्य गोष्ट समजते. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका किलोने वाढतो. ३०० मीटरवर तो दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोच्या आसपास जातो. शेतातल्या पाइपमध्ये दाब आतून असतो. आतला दाब पाइपला सगळीकडे सारखा ताणतो आणि गोल ठेवतो. पाणबुडीत दाब बाहेरून येतो. बाहेरचा दाब किंचित वाकड्या जागी आणखी वाकवतो, आणि एकदा वाकायला लागलेली भिंत एकदम आत जाते. पंपाच्या सक्शनला पाला अडकला की पातळ पाइप चिपटतो, तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या कवचाला आतून ठरावीक अंतरावर पोलादी कडी जोडलेली असतात आणि त्याची गोलाई फार काटेकोर राखावी लागते. अरिहंतच्या कवचाचे भाग एल अँड टी कंपनीने गुजरातमध्ये हजिऱ्याला तयार केले. इतक्या मोठ्या व्यासाचं जाड पोलाद वाकवून, जोडून गोल ठेवणं किती कठीण असेल, ते आपला पाइप दोन दिशांनी मोजताना जाणवतं.

तोंड आणि शेपूट लाकडातून किंवा एमडीएफचे थर चिकटवून लेथवर कातावेत. बाह्यरेषेचा अर्धा आकार अॅल्युमिनियमच्या पत्र्यात कापून टेम्प्लेट करायचं, कातताना ते वारंवार लावून उजेड कुठून येतो ते पाहायचं. तोंड बोथट आणि लंबगोलाकार, शेपूट मात्र बरंच लांब आणि सावकाश निमुळतं. यामागे १९५०च्या सुमाराचं संशोधन आहे. अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर मॉडेल बेसिनमध्ये वेगवेगळ्या प्रमाणातल्या गोल, निमुळत्या प्रतिकृतींची एक मालिका पाण्यातून ओढून तपासली गेली. त्यातून १९५३ची अल्बाकोर ही प्रायोगिक पाणबुडी आली आणि तिचं अंग पुढे स्किपजॅक या जातीच्या अणुपाणबुड्यांनी घेतलं. शेपूट घाईने निमुळतं केलं तर पाणी कवचापासून सुटतं, भोवरे होतात, आणि पाणबुडी ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला विस्कळीत प्रवाह मिळून आवाज वाढतो.

अरिहंतच्या मनोऱ्यामागे पाठीवर एक उंचवटा आहे. तो का आहे याचं उत्तरही आपला पाइप देतो. तिच्यासाठी तयार केलेलं के-४ क्षेपणास्त्र सुमारे १२ मीटर लांब असल्याचं सांगितलं जातं. एकास शंभरला ती १२ सेंटिमीटरची काडी झाली. ११ सेंटिमीटरच्या पाइपात ती उभी मावत नाही, पाठीवर जागा करूनच द्यावी लागते. मोजक्या चित्रांत दिसणारा आकार आणि क्षेपणास्त्राची लांबी ही दोन वेगळ्या वाटांनी आलेली माहिती इथे जुळते. अशी जुळणी झाली की ‘अंदाज’ वर्गातलं माप ‘काढलेलं’ या वर्गात हलवायला हरकत नाही.

बारीक कामासाठी बाजारपेठेत हिंडावं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ३० नंबरची तांब्याची तार ०.३१५ मिलिमीटरची असते, कठड्यांना ती चालते. पेरिस्कोपला बारीक पितळी नळी. जोडांवर एपॉक्सी पुट्टी, मग पॉलिश पेपर बारीक करत जाणं, मग प्रायमर. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडची स्प्रे गन कुठल्याही ब्रशपेक्षा चांगली. पाठीला काळा रंग द्यायचा, पण डबीतला गर्द काळा नको. त्यात थोडा राखाडी मिसळावा. दूरच्या मोठ्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका दिसतो, आणि प्रतिकृती आपण जणू दूरवरून पाहत असतो. अनेक अणुपाणबुड्यांवर आवाज शोषणाऱ्या रबरी फरश्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्या फटी कोरण्याचा मोह होतो. पण एकास शंभरला त्या केसाहून बारीक होतात, तेव्हा टोकदार पेन्सिलीची फिकट रेघ पुरे. खोल कोरलेली रेघ खऱ्या पाणबुडीवर कित्येक सेंटिमीटर रुंदीचा चर ठरेल.

वजन काय सांगतं

लांबी शंभरपट कमी केली तर पृष्ठफळ दहा हजारपट आणि घनफळ दहा लाखपट कमी होतं. अरिहंतचं प्रसिद्ध झालेलं विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, सुमारे ६,००० टन. दहा लाखाने भागलं की सहा किलो. म्हणजे आपली प्रतिकृती पाण्यात तरंगवायची तर ती सहा किलोच्या आसपास असायला हवी.

आता पाइपचा हिशेब लावून पाहू. ११ सेंटिमीटर व्यास आणि १११ सेंटिमीटर लांबीच्या पूर्ण नळकांड्याचं घनफळ साडेदहा लिटर येतं. तोंड-शेपटाच्या निमुळतेपणासाठी पाचवा हिस्सा वजा केला तर साडेआठ लिटर उरतात. प्रतिकृती पूर्ण बुडाली की साडेआठ किलो पाणी बाजूला सारेल. सहा आणि साडेआठ यांत बरंच अंतर आहे. मग ६,००० टन हा आकडा पृष्ठभागावर तरंगतानाचा असेल. पाणबुडी बुडते ती टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन, आणि बाहेरच्या आवरणाखाली काही जागा पाण्यालाच मोकळ्या असतात. किंवा लांबी, रुंदी, वजन यांपैकी एखादा आकडा ढोबळ असेल. एवढ्या हिशेबावर निकाल देता येत नाही. पण वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापले जाणारे तीन आकडे एकमेकांना धरून आहेत का, हे एका पाइपाने विचारलं. मापवहीत हा प्रश्न एका स्वतंत्र पानावर लिहून ठेवावा.

पंखा : सगळ्यात झाकलेला भाग

पाणबुडी गोदीत असली की तिचा पंखा ताडपत्रीने झाकतात. पंखा वेगाने फिरताना पात्यामागे पाण्याचा दाब इतका घटतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. तो आवाज शत्रूच्या सोनारला लांबवर ऐकू जातो. आवाज टाळण्यासाठी पात्यांची संख्या, वाक आणि पीळ नेमके असावे लागतात, आणि ते कळले तर पाणबुडीचा आवाजही ओळखता येतो. अमेरिकेच्या बँगर तळावर कोरड्या गोदीत असलेल्या ओहायो जातीच्या पाणबुडीचा उघडा पंखा २००७मध्ये इंटरनेटवरच्या हवाई नकाशात दिसला, तेव्हा जगभर बातमी झाली. सात पाती, कोयत्यासारखी वळलेली.

पंखा कापण्याच्या यंत्रावरूनही देशादेशांत वाद झाला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने बहुअक्षीय मिलिंग मशीन सोव्हिएत संघाला विकली, त्यांचे नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीचे होते. १९८७मध्ये हे उघड झालं आणि अमेरिकेत मोठा गदारोळ उठला. सोव्हिएत पाणबुड्यांचे पंखे या मशीनवर कापल्याने शांत झाले, असा आरोप होता. सीएनसीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मिलिमीटरच्या अंशातलं काम राष्ट्रांच्या सुरक्षेला भिडतं.

अरिहंतचा पंखा कसा आहे, याचा पुरावा आपल्या वहीत नाही. तेव्हा दोन प्रामाणिक वाटा उरतात. एक, पंख्यावर गोदीतल्यासारखं झाकण दाखवणं. दुसरी, सात पात्यांचा पंखा बसवून त्याच्या पानावर ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहिणं. मला पहिली वाट अधिक आवडते. झाकलेला पंखा हे वास्तवाचंच अचूक चित्रण आहे.

प्रतिकृती अति अचूक असली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. १९६१मध्ये अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुडीचा खेळण्यातला संच बाजारात आणला. त्यात आतली रचनाही दाखवली होती, किंमत २ डॉलर ९८ सेंट. अमेरिकी अणुनौदलाचे शिल्पकार अॅडमिरल हायमन रिकव्हर संतापले. लाखो डॉलरची माहिती आपण परक्यांच्या हातात जवळजवळ फुकट दिली, अशी त्यांची तक्रार होती.

प्रत्येक पाणबुडी आधी प्रतिकृती असते

छंद म्हणून केलेल्या प्रतिकृतीला कमी लेखू नये, कारण खऱ्या पाणबुड्याही याच वाटेने येतात. इंग्लंडचे विल्यम फ्राउड यांनी १८७२मध्ये टॉर्कीला लांब हौद बांधला आणि त्यातून जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांना होणारा विरोध मोजला. लाटांचं वागणं जुळवायचं तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो, हा त्यांचा नियम. शंभराचं वर्गमूळ दहा. पृष्ठभागावर १५ नॉट वेगाने जाणाऱ्या पाणबुडीची आपली प्रतिकृती शेततळ्यात दीड नॉटने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू गेली, तर तिच्या तोंडापाशी उठणारी लाट खऱ्यासारखी दिसेल. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत असा ५०० मीटर लांबीचा हौद आहे. पाण्याच्या प्रतिकृतींची आपल्याकडची परंपरा तर खडकवासल्यात आहे. १९१६मध्ये सुरू झालेलं तिथलं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र धरणं, नद्या आणि बंदरं लहान प्रमाणात बांधून तपासतं. न्हावा-शेवा बंदरासारख्या कामांचा अभ्यास तिथे झाला, समुद्रापासून घाटापलीकडे.

लहान प्रतिकृतीत सगळंच जुळत नाही. लाटा जुळवल्या तर पाण्याचं घर्षण जुळत नाही, कारण पाणी प्रतिकृतीच्या प्रमाणात पातळ होत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे प्रतिकृतीच प्रचंड मोठी करणं. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पेंड ओरेय नावाचं साडेतीनशे मीटर खोल सरोवर आहे. तिथे अमेरिकी नौदल पाणबुड्यांच्या माणूसविरहित प्रतिकृती चालवतं. सीवुल्फ जातीसाठी केलेली कोकानी सुमारे २७ मीटर लांबीची आहे, व्हर्जिनिया जातीसाठी केलेली कटथ्रोट सुमारे ३४ मीटर लांबीची आणि २०५ टनांची. इंग्लंडमधल्या बॅरो गोदीत व्हॅनगार्ड जातीच्या पाणबुडीची एक पंचमांश प्रतिकृती केली होती, दाटीवाटीच्या नळ्या कुठून न्यायच्या ते आधी ठरवण्यासाठी.

अणुभट्टीच्या बाबतीत तर प्रतिकृती एकास एक प्रमाणाची होते. नॉटिलस १९५५च्या जानेवारीत अणुशक्तीवर निघाली, त्याआधी १९५३मध्ये तिच्या अणुभट्टीचा नमुना आयडाहोच्या कोरड्या पठारावर, पाण्याच्या टाकीत बसवलेल्या कवचाच्या तुकड्यात चालवला होता. आपल्याकडे हेच काम तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला झालं. पाणबुडीच्या अर्ध्या भागाएवढ्या कवचात बसवलेली ही जमिनीवरची अणुभट्टी ऑगस्ट २००९मध्ये प्रथमच पत्रकारांना दाखवली गेली, आणि तिचं खरं काम काय हे सांगितलं अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियंता होऊन ते तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गेले होते. मोठ्या वीजकेंद्रातली अणुभट्टी पाणबुडीच्या व्यासात बसवणं, ती हेलकाव्यांत आणि तिरकी असताना चालवणं हे त्या केंद्राच्या अभियंत्यांचं मोठं काम.

तुर्भ्याखेरीज महाराष्ट्राचा दुसरा वाटा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. अणुभट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार होते, वाफेवर टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, पण पंखा शांत राहायचा तर तो फार सावकाश फिरला पाहिजे. मधला वेग उतरवण्याचं काम गिअरबॉक्स करतो, आणि तोही आवाज न करता. अरिहंतसाठी हे काम इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने केलं. ऊस आणि साखर यंत्रसामग्रीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातल्या कारखान्याने दातेरी चाकं इतकी नेमकी कापली, ही गोष्ट सुप्यातल्या प्रत्येक शॉपफ्लोअरवर सांगितली पाहिजे.

शेवटचा हात

प्रतिकृती पूर्ण झाली तरी मनोरा, सुकाणूचे पंख आणि पंख्यावरचं झाकण कायमचे चिकटवू नयेत. आतून स्क्रूने बसवावेत. उद्या एखादं चांगलं छायाचित्र प्रसिद्ध झालं, एखादं माप अधिकृतपणे सांगितलं गेलं, तर फक्त तेवढा भाग काढून नवा लावता येतो. नामफलकावर पाणबुडीचं नाव, प्रमाण आणि ‘माहिती अमुक वर्षापर्यंतची’ एवढं लिहावं. शाळेत किंवा एनसीसीच्या नौदल विभागाच्या जहाज प्रतिकृती स्पर्धेत ती ठेवाल, तेव्हा शेजारी मापवही उघडी ठेवावी.

परीक्षक आणि पाहुणे विचारतील, ही खऱ्यासारखी आहे का? वही असलेल्या मुलीला त्याचं उत्तर पानं उलटत देता येईल : व्यास बातम्यांवरून घेतला, उंचवटा चित्र आणि क्षेपणास्त्राची लांबी या दोन वाटांनी जुळवला, वजनाचा आकडा अजून जुळत नाही, पंख्याची माहिती नाही म्हणून तो झाकला आहे. असं उत्तर देण्याची सवय ज्याला एकदा लागली, तो पुढे कुठल्याही आकड्याला, अगदी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदालाही, हाच प्रश्न विचारेल : हे माप कुठून आलं? अणुपाणबुडीच्या प्रतिकृतीतून सुप्याच्या वर्गाला आणि वर्कशॉपला मिळणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे.